नव्वद टक्के हाव

कॉम्प्युटरनं आमच्या गावाला लोभी ठरवलं तेव्हा घरात सगळे पोट धरून हसले होते. मीही हसले.

झालं असं. माझी नात यामिनी डच मुलखात, ग्रोनिंगनच्या विद्यापीठात शिकते. जमीन, पाणी आणि माणसं यांची नासाडी न करता खाणी कशा चालवायच्या, आणि खणून झाल्यावर मागे उरलेल्या खड्ड्याचं काय करायचं, असं तिचं शिक्षण आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिनं आमचंच गाव निवडलं. बोरडोह, चंद्रपूरच्या बाजूला, कोळशाच्या पट्ट्यात. आमची जमीन त्या खाणीत गेली आणि बदल्यात मला खाणीत नोकरी मिळाली. खड्ड्यात साचणारं पाणी उपसायच्या पंपावर मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. त्या पगारावर माझा मुलगा रविराज शिकला, आणि तो शिकला म्हणून आज त्याच मुलखात न्यूनेनमध्ये आमचं घर आहे. मी दरवर्षी तीन महिने इथे येते.

पुढे खाणीतला कोळसा संपला, पंप बंद झाले आणि खड्डा पाण्यानं भरला. आता कंपनीचं म्हणणं असं की ते पाणी काढून त्यात वीज केंद्राची राख भरायची, वर माती टाकायची आणि झाडं लावायची. गावाला हे पटतं का, एवढाच यामिनीचा प्रश्न होता.

तिनं इथूनच फोन केले. माझा पुतण्या लोकेश फोनचा स्पीकर लावून घरोघर फिरला. सगळं बोलणं रेकॉर्ड झालं. ते तिनं कॉम्प्युटरला दिलं आणि त्यानं ते ऐकून इंग्रजीत उतरवलं. त्यात दर दोन ओळींनी एकच शब्द. लोभ. लोभ, लोभ, लोभ. तिच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, हे लोक सारखे लोभ लोभ का म्हणतात, कंपनीला शिव्या देतात का? यामिनीनं आईला विचारलं.

राखी, माझी सून, पिंपरीची. लग्नानंतर पहिल्यांदा बोरडोहला आली तेव्हा तीही अशीच गोंधळली होती. ती हसत हसत म्हणाली, "अगं, तिकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. पुस्तकातली हाव वेगळी."

यामिनीनं एक बटण दाबलं आणि सगळ्या लोभाचे 'हो' झाले. मग मोजले. नव्वद टक्के गाव राख भरायला तयार निघालं.

ही मार्चमधली गोष्ट. एप्रिलच्या एका शुक्रवारी यामिनी घरी आली. मंगळवारी तिला सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. ब्रेडाच्या एका सल्लागार कंपनीचा माणूसही ऐकायला येणार होता. बोरडोहच्या खड्ड्याचा आराखडा ही ब्रेडाची कंपनीच कोळसा कंपनीला करून देत होती. त्यांनी यामिनीचा कच्चा मसुदा आधीच मागवून घेतला होता आणि जूनपासून नोकरी देऊ, असं कळवलं होतं. रविराजनं ही बातमी ओळखीतल्या सगळ्यांना सांगितली होती.

शनिवारी सकाळी यामिनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी पलीकडे मेथी निवडत होते. लोकेशचा फोन आला. बुद्धपौर्णिमेला विहारात नवी मूर्ती बसवायची आहे, मोठी आई, तू तिकीट बदल आणि लवकर ये, पाहुण्यांच्या जेवणाचं तूच बघ, मंडप आपल्याच अंगणात टाकतो. असं तो बराच वेळ सांगत राहिला. फोन ठेवला तेव्हा राखीनं विचारलं, "काय म्हणतात भाऊजी?"

"मे महिन्यात ये म्हणतो. मी नाही जात बाई. तिकडे तेव्हा ऊन नाही, जाळ असतो."

यामिनीनं मान वर केली. "आजी, तू त्याला येते म्हणालीस."

"मी कधी म्हणाले?"

"आत्ता. हाव म्हणालीस. खूप वेळा."

"अगं, ऐकत होते मी."

राखी ओट्याजवळून म्हणाली, "तुझ्या बाबांना बघ. ऑफिसच्या कॉलवर दिवसभर हो हो हो चालू असतं, आणि एक काम अंगावर घेत नाहीत."

आम्ही दोघी हसलो. यामिनी हसली नाही. तिचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे हाव मीन्स यस नाही?"

"यस पण आहे की."

"कधी असतं यस?"

"ते कळतं."

"कसं कळतं, आजी?"

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. आवाज वर जातो म्हणावं, तर नेहमी जात नाही. मान हलते म्हणावं, तर फोनवर मान कुठली दिसायला. शेवटी म्हणाले, "पुढे माणूस काय करतो, त्यावरून कळतं." या उत्तराचा तिला काही उपयोग नव्हता, हे मलाही दिसत होतं.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ऐक. आणि सांग."

पहिला आवाज माझ्या दिराचा लागला, बळवंताचा. लोकेशचा बाप. आधी यामिनी बोलत होती. आईकडून लिहून घेतलेलं एकेक अक्षर सावकाश वाचत होती: खाणीच्या रिक्त पोकळीत औष्णिक विद्युत केंद्राची राख भरून त्यावर वनीकरण करण्याच्या प्रस्तावाशी आपण सहमत आहात का?

त्या एका वाक्यात बळवंतानं चार वेळा हाव म्हटलं होतं. पोकळीला एक, राखेला एक, वनीकरणाला एक. चौथा शेवटी, आणि त्याला जोडून, "हाव बाई. मोठी झाली वं तू. जेवली का?"

"शेवटचा हाव?" यामिनीनं विचारलं.

"तो जेवणाचा आहे."

"आणि आधीचा?"

"आधीचे ऐकण्याचे."

दुसरा आवाज, तिसरा आवाज. सगळीकडे तेच. हाव, हाव, बरं, हाव बाई, तुझ्या आजीला सांग आठवण काढली म्हणून. एकाला तर प्रश्न मध्येच तोडून लोकेशनं कानात सांगितलेलं ऐकू येत होतं, "हाव म्हण न गा, कांता मोठ्याईची नात हाये." कांता म्हणजे मी. बळवंताचीच सून जयंती, तिचा दोन नंबरचा मुलगा मागच्या वर्षी त्या खड्ड्यात बुडता बुडता वाचला. ती मात्र वेगळं बोलली होती. "टाका म्हणते मी राख. आज टाका. पोट्टे ऐकत नाही, रोज पोहायला जातात." हा खरा होकार. त्यात हाव नव्हताच, आणि म्हणून कॉम्प्युटरनं तो मोजलाच नव्हता.

यामिनी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. पुन्हा उठली. मग सायकल काढून निघून गेली. इथे सायकलला फीट्स म्हणतात. ती लहान असताना आम्हाला दोघींना मिळून शिकवायचा रविराजनं प्रयत्न केला होता, ती शिकली. मी दारात उभी राहून बघत होते. ती रस्त्याच्या टोकाला जायची, चर्चला वळसा घालून परत यायची, घरासमोरून न थांबता पुढे जायची. शेजारच्या डच बाईनं तिला हात केला तर तिनं तो पाहिलाही नाही.

माझंही घरात मन लागेना. निवडलेली मेथी मी पुन्हा निवडली. खरं सांगायचं तर, मला वाटत होतं की तिनं हे बोलू नये. खड्डा बुजावा, याच मताची मी आहे. त्या पाण्यात गुरं बुडाली आहेत, माणसं बुडाली आहेत, आणि काठ कधी ढासळेल सांगता येत नाही. राख भरा, झाडं लावा, संपवा एकदाचं. आकडा कसा का आला असेना, माझ्या मनासारखा आला होता. तिची नोकरी होती, रविराजचा आनंद होता. एका शब्दावरून हे सगळं उलटं करायचं?

दुपारी जेवताना रविराजला कळलं. त्यानं घास खाली ठेवला.

"यामिनी, हा थीसिस आहे. ग्रामसभेचा ठराव नाही."

"बाबा, ब्रेडाची फर्म तो नंबर त्यांच्या रिपोर्टमध्ये टाकतेय. त्यांच्या सौमित्रनं मला मेल केलंय. 'स्ट्राँग कम्युनिटी सपोर्ट' असं हेडिंग आहे."

"मग आहेच सपोर्ट. आजीला विचार."

"आजी इज वन पर्सन. आणि ती अर्धी इथली आहे."

"मी तिथली आहे," मी म्हणाले. मला राग आला होता.

"मग तुला कुणी विचारलं?"

"तूच नाही विचारलंस."

राखी म्हणाली, "फोन करून पुन्हा विचार ना सगळ्यांना. अजून दोन दिवस आहेत."

"पुन्हा विचारलं तर पुन्हा हाव म्हणतील," मी म्हणाले. "ती गावाची नात आहे. लेकीबाळीला तोंडावर नाही कोण म्हणतं?"

"बघ," रविराज म्हणाला, "म्हणजे उत्तर मिळणारच नाही. मग जे आहे ते दे. एक तळटीप टाक. वर्ष वाया घालवू नकोस."

यामिनीनं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वर गेली. तिच्या खोलीतून तिच्या चालण्याचा आवाज येत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. रविराज टीव्हीचा आवाज वाढवत होता आणि पुन्हा कमी करत होता.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे दुपारी, ती खाली आली आणि म्हणाली, "आजी, लोकेश काकाला सांग, बळवंत आजोबांना फोनवर घे. मी काही विचारणार नाही."

"मग फोन कशाला?"

"ऐकायला."

त्या दिवशी विहारात वंदना होती, मूर्तीच्या तयारीची बैठक होती, त्यामुळे गाव तिथेच जमलं होतं. लोकेशनं स्पीकर लावला. "जयभीम, जयभीम" झालं. मी लोकेशला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, त्यामुळे हसण्याचा आवाजही येत होता.

यामिनी म्हणाली, "बळवंत आजोबा, मला खड्ड्याबद्दल सांगा ना. काय वाटेल ते."

"खड्ड्याबद्दल काय सांगू बाई? खड्डा हाये."

यामिनीनं हळूच म्हटलं, "हाव."

तिचा हाव असा काही डच निघाला की तिकडे विहारात हशा पिकला. कोणीतरी बाई म्हणाली, "ऐकलं का, इंग्लंडचा हाव." पण बळवंताला जोर आला.

तो सांगू लागला. उन्हाळ्यात विहिरी आटतात, हातपंप हवा ओकतात, तेव्हा गुरं त्या खड्ड्यावरच जातात. रस्ता कुणी केला नाही, गुरांनीच पाडला. ("हाव.") त्यात कुणीतरी रोहू सोडला, कुणी सोडला देव जाणे, आता चार घरं मासळीवर जगतात. ("हाव.") पाणी हिरवं आहे, पिऊ नये म्हणतात, पण कुणी तपासून सांगितलं नाही, कंपनीनं नाही आणि सरकारनंही नाही. ("हाव.") वीज केंद्राच्या राखेचा तलाव पलीकडच्या गावाला आहे. वारा सुटला की त्या गावात दुपारी दिवे लावतात. तिथल्या विहिरीच्या पाण्याला चहा काळा होतो, दूध टाकलं तरी. ("हाव, आजोबा.") आता तीच राख आमच्या खड्ड्यात आणायची म्हणतात. खालून ती पाण्यात उतरणार नाही कशावरून?

मध्येच जयंतीचा आवाज आला. "मामाजी, तुमची चार घरं मासोळी खातात म्हणून माझ्या पोराचा जीव जाऊ द्यायचा का?"

"तू थांब वं जरा."

"नाही थांबत. तिले सांगा, काही तरी भरा म्हणावं. राख नाही तर माती भरा. त्यांनीच काढलेली माती डोंगरासारखी पडून हाये की बाजूले."

"माती भरायले पैसा लागते. राख फुकट हाये, म्हणून राख."

मग विहारात चांगलीच जुंपली. कोण कोणाला काय म्हणतं ते कळेना. यामिनी कागदावर काही लिहीत नव्हती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती आणि फोनच्या दिशेनं वाकून थोड्या थोड्या वेळानं हाव म्हणत होती. मी बघत होते. पुढे पुढे तो हाव बराच जमला.

शेवटी बळवंत पुन्हा फोनजवळ आला. "तर मग ठरलं बाई."

"काय ठरलं, आजोबा?"

"राख नाही टाकायची. तू हाव म्हणाली. एवढा समाज साक्षीला हाये."

यामिनी घाबरली. "नाही नाही, आजोबा. मी... मी फक्त ऐकत होते."

"मग आम्ही काय करून राहिलो होतो?"

तिकडे हशा झाला. इकडे राखीनंही तोंडाला पदर लावला. यामिनीचे मात्र डोळे भरून आले. बळवंताला ते दिसलं नाही. तो आपल्याच रंगात होता. "तू आमचे हाव लिहून घेतले, आम्ही तुझे लिहून घेतले. फिटंफाट. आता साहेब लोकांना जाऊन सांग, बोरडोहची नात बोलली म्हणून." आणि फोन बंद झाला.

"मस्करी करत होता ग," मी म्हणाले.

"नाही, आजी," ती म्हणाली. "पूर्ण मस्करी नव्हती."

ते मलाही माहीत होतं.

मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. ती नको म्हणाली, पण घरी बसून वाट बघायची माझ्यात ताकद नव्हती. जवळच्या आइंडहोवनहून गाडी, मध्ये एकदा बदल. ती सबंध प्रवासात तीन-चार वेळा जागा बदलून बसली. एकदा म्हणाली, "मी सांगितलं नाही तर?" तिनं सरळ माझं मत विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला ठाऊक नाही. बाहेर सपाट शेतं, मेंढ्या, पाण्याचे चर. सगळं इतकं सरळ रेषेत की बघून जीव घाबरा व्हावा.

ग्रोनिंगनला तिच्या प्राध्यापक बाई भेटल्या. हिल्टये त्यांचं नाव. उंच, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलल्या. यामिनीनं सांगितलं, यांच्या आईवडिलांचं घर जवळच्याच गावात आहे. जमिनीखालून गॅस काढल्यामुळे तिथे जमीन हादरते, त्यांच्या भिंतींना तडे गेले आहेत आणि घराला आता लाकडी टेकू लावलेत. मी त्यांना म्हणाले, आमच्याकडे सुरुंगानं जायचे तडे. यामिनीनं ते त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मान हलवली.

ब्रेडाचा माणूस म्हणजे सौमित्र. पुण्याचा, पस्तिशीतला, अंगात निळा कोट. मला बघून लगेच वाकून नमस्कार केला. "आजी, तुमच्या नातीनं फार छान काम केलंय. आमच्या क्लायंटला इतका आवडला तो नंबर." मला इंग्रजी कळत नाही म्हणून तो मुद्दाम माझ्या शेजारी बसला आणि यामिनी बोलायला लागल्यावर तिचं बोलणं हळू आवाजात मराठीत सांगू लागला. चांगला मुलगा आहे, हे मी नाकारणार नाही.

"आता ती गावाची माहिती देतेय," तो म्हणाला. "आता खड्ड्याची खोली. आता पाण्याचे नमुने हवेत असं म्हणतेय. बरोबर आहे." पडद्यावर बोरडोहचं चित्र आलं, माझ्या पंपाची पत्र्याची खोली आली. मग मोठ्या अक्षरात नव्वद आला.

"आता ती म्हणतेय..." सौमित्र म्हणाला, आणि थांबला.

पडद्यावर नव्वदवर लाल काट मारली गेली. यामिनी बोलत होती. तिनं बळवंताचं रेकॉर्डिंग लावलं. परक्या मुलखातल्या त्या खोलीत माझ्या दिराचा आवाज घुमला, हाव, हाव, हाव बाई, जेवली का? समोरची पोरं हसली. यामिनी काहीतरी म्हणाली आणि ती हसायची थांबली.

"काय म्हणाली?" मी सौमित्रला विचारलं.

तो समोर बघत होता. "म्हणाली, या माणसानं मला काहीच उत्तर दिलेलं नाही. तो फक्त माझा मान ठेवत होता."

मग हिल्टयेबाईंनी एक प्रश्न विचारला. यामिनीनं खूप छोटं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. "बाई विचारतायत, मग गावाचं मत काय?" सौमित्र म्हणाला. "ही म्हणते, मला माहीत नाही."

निकाल तिथेच कळला. असा प्रबंध स्वीकारता येत नाही. तिथे जाऊन, वेगळ्या रीतीनं विचारून, शरद ऋतूपर्यंत पुन्हा द्यायचा. हिल्टयेबाई हे सांगताना रागावलेल्या नव्हत्या, पण त्यांनी काही सोडूनही दिलं नाही. यामिनीनं मान डोलावली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती सरळ सौमित्रकडे आली. तो बॅग भरत होता.

"सौमित्र, तुमच्या रिपोर्टमधून तो नंबर काढा."

"हे बघ यामिनी, तू फार हार्ड ऑन युअरसेल्फ आहेस. नव्वद नाही तर सत्तर असेल. फूटनोट टाकू आपण."

"सत्तर पण माहीत नाही मला. काढा."

"ड्राफ्ट क्लायंटकडे गेलाय."

"मग क्लायंटला कळवा."

"हो, हो. करतो ना. टीमशी बोलतो मी या आठवड्यात."

यामिनी त्याच्या वाटेतून हलली नाही. "हे हो कुठलं?"

"म्हणजे?"

"तुम्ही काढणार आहात, की माझं ऐकताय?"

तो हसला आणि मदतीला माझ्याकडे बघितलं. "आजी, बघा तुमची नात. तुम्हीच सांगा तिला. तुम्ही तर तिथल्या. खड्डा बुजायला नको का?"

"बुजायला हवा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस?"

"पण हे आत्ता तुम्ही मला विचारलंत, आणि मी तुम्हाला सांगितलं," मी म्हणाले. "माझा दीर नको म्हणतो. त्याची सून राखेऐवजी माती मागते. त्यांचंही असंच विचारा, मग लिहा."

सौमित्रनं घड्याळ पाहिलं. यामिनीनं एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "मी थांबते," ती म्हणाली. "तुम्ही आत्ताच मेल करा."

पोरं खोलीतून निघून गेली. हिल्टयेबाई दारापाशी थांबल्या होत्या, आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत. शेवटी त्यानं लॅपटॉप पुन्हा काढला. तो लिहीत होता आणि यामिनी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. एका शब्दावर तिनं बोट ठेवलं. तो म्हणाला, "अंडर रिव्ह्यू लिहितो ना, सॉफ्ट वाटतं." ती म्हणाली, "विथड्रॉन लिहा." त्यानं तो शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. मेल गेल्यावर त्यानं कोट चढवला, मला नमस्कार केला, आणि तिला म्हणाला, "जूनचं आपण मग नंतर बघू." ते त्यानं अगदी सौम्यपणे म्हटलं. त्याचा अर्थ तिलाही कळला आणि मलाही.

परतीच्या गाडीत तिनं रविराजला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं नाही. मग तिनं आपणहून बोरडोहला फोन लावला.

"आजोबा, मी नंबर काढायला सांगितला. तुमचे सगळे हाव काढून टाकले."

"मग राख थांबली न?" बळवंताचा आवाज मला पलीकडे बसूनही ऐकू आला.

"नाही, आजोबा. राख थांबवणं माझ्या हातात नाही. फक्त तुम्ही हो म्हणालात, असं आता त्यांना लिहिता येणार नाही. मी जूनमध्ये येणार. आजी पण येणार. पुन्हा सगळ्यांना विचारणार, पाणी तपासायला नेणार. तरी पण कंपनी टाकू शकते राख."

या वेळी पलीकडून हाव आला नाही. गाडी कुठल्याशा पुलावरून गेली. तिनं फोन कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

"आजोबा? आहात ना?"

"आहे," बळवंत म्हणाला. "टाकू शकते म्हणजे काय, ते नीट सांग. कोण टाकते, कोणाच्या सहीनं टाकते, आणि आम्ही कुठं जायचं. इंग्रजी नको. पयल्यापासून सांग."

यामिनीनं माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये मी येणार, हे तिनं मला विचारलं नव्हतं. ती खिडकीकडे सरकून बसली आणि मोडक्या मराठीत, शब्द अडला की माझ्याकडे बघत, पहिल्यापासून सांगू लागली.